देवजी हरकारा आणि भागीची खुर्ची

मी हे लिहितो आहे याबद्दल वाचणाऱ्यांनी मला आधीच माफ करावं. ज्यांच्याबद्दल लिहावं अशी माणसं मोठी असतात, कुणी दिवाण, कुणी शास्त्री, आणि त्यांच्यावर लिहिणारेही तेवढेच जाणते असतात. माझ्या घरात माझ्या आधी कुणी शाळेत गेलेलं नाही. जी मराठी मी इथं लिहितो ती शाळेत शिकलो. घरी आम्ही बोलतो ती निराळी. तेव्हा एखादा शब्द वाकडा पडला तर तो दोष माझा, देवजीदादाचा नव्हे. त्याचं चित्र नीट उभं राहिलं नाही तर मात्र थोडा त्याचाही, कारण तो कधी एका जागी थांबलाच नाही.

देवजीदादा जव्हारहून मोखाड्याला टपाल नेणारा हरकारा होता. आज जायचा, उद्या परतायचा, परवा पुन्हा निघायचा. खांद्यावर पिशवी, हातात घुंगरं बांधलेली काठी. वाटेत कुठंतरी आमच्या महाराजांचं संस्थान संपतं आणि इंग्रजी हद्द लागते. आम्हाला लहानपणी तिकडचं सगळं वेगळं असेल असं वाटायचं. देवजीदादाला विचारलं तर म्हणायचा, "काय वेगळं नाय. तीच कारवी, तेच दगड. नाक्यावरचा शिपाई तेवढा निराळ्या पागोट्याचा."

त्याचं घर आमच्या घराला लागून. मधे कुडाची एक भिंत. पण तो घरात असला तरी घरात आहे असं वाटत नसे. उंबऱ्यातून अंगणात, अंगणातून परड्यात, परड्यातून पुन्हा उंबऱ्यात अशा त्याच्या फेऱ्या चालू असत. जेवायचासुद्धा उभ्यानं. भिंतीतल्या फळीवर थाळी ठेवायची, एक घास घ्यायचा, दारापर्यंत जाऊन बाहेर बघायचं, परत येऊन दुसरा घ्यायचा. माझी आई म्हणायची, "देवजी, अन्न अंगी लागायचं तर दोन घटका टेक की."

"बसलो तर पाय विसरतील, वहिनी," तो म्हणायचा.

कुणाला त्याच्याशी काही बोलायचं असलं तर त्याच्याबरोबर चालावं लागे. "चालता चालता सांग," हे त्याचं ठरलेलं. गावातल्या कितीतरी सोयरिकी, भांडणं आणि बैलांचे सौदे अशा चालत्या बोलण्यात झाले. म्हातारी माणसं मात्र चिडायची. त्यांचं म्हणणं, देवजीशी बोलून आलं की पाय चेपून घ्यावे लागतात.

त्याची बायको बाळंतपणात गेली तेव्हा तो वाटेवर होता. दुसऱ्या दिवशी घुंगरं वाजवत परतला, आणि आळीत शिरताच माणसं उभी दिसली म्हणून त्यानं काठी उचलून आडवी धरली, घुंगरं वाजू नयेत म्हणून. एवढंच मला आठवतं. तिचं माहेर मोखाड्याचं. तिच्या आईला निरोप द्यायचा तर जाणार कोण? दुसरा माणूस पाठवू असं सगळे म्हणाले. त्यानं ऐकलं नाही. टपालाची पिशवी घेतली आणि मुलीच्या मरणाची बातमी आईला सांगायला तो स्वतःच गेला. त्या दारात तो काय बोलला ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

मूल जगलं. मुलगी होती, भागी. माझा धाकटा भाऊ तेव्हा आईच्या अंगावर पीत होता, म्हणून आईनं भागीलाही घेतलं. दोन्ही मुलं आमच्याच घरात वाढायची. देवजीदादा वाटेवरून आला की आधी पोस्टात पिशवी देई, मग आमच्या दारात. भागीला उचलून खांद्याशी धरायचा आणि चालायला लागायचा. ती चालण्यातच झोपायची. तो थांबला की रडायची. आई म्हणाली, "तुझ्यावर गेली. आता हिला नवरा पण हरकाराच बघ."

पावसाळा सरता सरता त्याची सासू आली. मोखाड्याची म्हातारी, बुटकी, काटक, फार थोडं बोलणारी. तिच्याबरोबर तिचा मुलगा महादू. म्हातारीनं भागीला मांडीवर घेतलं, तिच्या पायांची, मनगटांची तपासणी केली आणि जावयाला म्हणाली, "सातव्या महिन्यात उष्टावण करू. महादू तिचा मामा. पहिला घास तो देईल. मग मी पोर नेते."

देवजीदादा अंगणात फिरत होता तो दारात आला. "कठं नेते?"

"माझ्या घरी. दुधावर होती तंवर ठीक. आता तिला पेज लागेल, भात लागेल, दिवसातून कितींदा. तू घरात नाय. ही बाई दोन पोरं किती दिवस बघेल?"

आई म्हणाली, "मी बघेन की."

म्हातारीनं आईकडे पाहिलं. तिला ते आवडलं असावं, पण ती बधली नाही. "पोर बापाच्या घरात बसून जेवते असं माला दिसलं तर ठेवीन," ती म्हणाली. "नाय दिसलं तर नेईन. यात भांडण नाय, देवजी."

त्या दिवसापासून देवजीदादाच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली. भागीनं बसून जेवलं पाहिजे. आमच्याकडं मूल खाऊ लागतं ते कुणाच्या तरी मांडीवर. उष्टावणाला तर मामाचीच मांडी. पण देवजीदादाला वाटलं असावं की मामाच्या मांडीवर बसून पहिला घास खाल्ला की पोर मामाचीच झाली. तसं तो बोलला नाही. तो एवढंच म्हणाला, "तिला तिची जागा पाहिजे. कुणाच्या मांडीची गरज नाय लागली पाहिजे." आणि ज्या माणसाला स्वतःला बसायचं ठाऊक नव्हतं तो मुलीसाठी बसायची जागा शोधत गावभर हिंडू लागला.

आधी आईनं भाताच्या टोपलीत जुनं लुगडं कोंबून तिला त्यात बसवलं. शेतावर आम्ही असंच करतो. भागी जरा वेळ बसली, मग टोपलीसकट कलंडली आणि हसली. देवजीदादा म्हणाला, "ही नाय." शेजारच्या काकूंनी पाट भिंतीला लावून दिला. भागी पाटावरून घसरून अंगणाच्या दिशेनं निघाली. "ही बी नाय." साखरशेतहून माझे मामा आले होते, त्यांनी अंगणात हातभर खळगा खणून त्यात तिला कमरेपर्यंत उभं करून दाखवलं. आमच्यात ही रीत आहे, मुलाच्या पाठीला जोर येतो म्हणतात. देवजीदादानं तिला तिथून उपटूनच काढली. "पोर हाय का आंब्याचं रोप?"

मग कुणीतरी त्याला पारशी शेठच्या बंगल्याचं सांगितलं. तिथं शेठाणी शिरीनबाईंच्या नातवाला मुंबईहून उंच खुर्ची आणली होती, पुढं आडवी दांडी आणि छोटी फळी असलेली. देवजीदादानं टपाल द्यायच्या निमित्तानं ती पाहून घेतली, आणि दुसऱ्या खेपेला भागीला कडेवर घेऊनच गेला. मला बरोबर घेतलं होतं. शाळेत जातो म्हणून मला तो 'मास्तर' म्हणायचा आणि साहेबी वस्तूंपुढं मी उभा असलो की त्याला धीर वाटायचा. का ते देव जाणे, कारण मी त्याच्याहून घाबरलेला असे.

"बसव, बसव," शिरीनबाई म्हणाल्या. "पण पाडू नको हां देवजी, माझा नातू रडीने घर डोक्यावर घेईल."

भागी त्या वेताच्या खुर्चीत बसली आणि दांडीखालून हळूच सरकून खाली निघाली. फक्त तिचं टोपरं घातलेलं डोकं दांडीवर राहिलं. शिरीनबाई हसून हसून लाल झाल्या. देवजीदादा खुर्चीभोवती फिरत होता. वाकून बघ, मागून बघ, हलवून बघ. त्याला तिच्यात एकच खोट दिसली. "वाकावं लागतं," तो बाहेर पडल्यावर म्हणाला. "तिला भरवायचं तर मी कमरेत मोडलो पाहिजे. वाकलेला माणूस किती वेळ उभा ऱ्हाईल?"

"दादा, लोक समोर बसून भरवतात," मी म्हणालो.

तो पुढं निघून गेला होता.

जामसरचा सुतार तेव्हा जव्हारात काम करत होता. देवजीदादानं त्याला ऐनाचं लाकूड दिलं आणि खुर्ची सांगितली. पुढं दांडी, दोन्ही बाजूंना फळ्या, पाठीला टेका, आणि सरकून जाऊ नये म्हणून मधे एक खुंटी. इथवर सगळं बरोबर होतं. सुतारानं विचारलं, "उंच किती?"

देवजीदादानं आपल्या तोंडासमोर हात आडवा धरला. "इथं तिचं तोंड आलं पाहिजे."

सुतारानं त्याच्याकडं पाहिलं, हाताकडं पाहिलं, आणि विचारलं, "उभा राहून?"

"मग कसा?"

सुतार कामाला लागला. मला वाटतं, या चुकीत देवजीदादाचा सगळा स्वभाव आला. त्यानं आपल्या डोक्यात दुसरं काही आणलंच नाही. त्याला जेवण म्हणजे उभ्यानं ठाऊक होतं, आणि उंचावरची बसायची जागा म्हणजे भाताच्या शेतातला राखणीचा माळा, डुकरं हाकायला बांधतात तो. खुर्ची तयार होऊन आली ती त्या माळ्यासारखीच. चार लांब पाय, मधे आडव्या काठ्या, आणि वर पोरीची एवढीशी पेटी.

उष्टावणाचा दिवस उजाडला. आईनं तांदळाची खीर केली. म्हातारी आणि महादू आले. महादू साधा, लाजरा माणूस. तो रीतीप्रमाणे पाटावर मांडी घालून, धोतर सारखं करून, भाचीची वाट बघत बसला. तेवढ्यात देवजीदादा खुर्ची घेऊन आला आणि ती त्याच्या समोर उभी केली. महादूला तिच्याकडं मान वर करून बघावं लागलं.

आळीतली माणसं जमलीच होती. कोपऱ्यातला सखाराम म्हातारा म्हणाला, "देवजी, पोर राखणीला बसवतोस का? गोफण बी दे की हातात."

"खालून जाळ कर," दुसरा म्हणाला. "थंडी वाजेल वर."

देवजीदादानं कुणाकडं पाहिलं नाही. भागीला उचललं, पेटीत बसवलं, दांडी लावली. ती दोन्ही हातांनी दांडी धरून ताठ बसली. वरून तिनं सगळ्यांची डोकी पाहिली, आणि तिला ते फारच आवडलं. पाय आपटायला लागली.

महादू पाटावरून उठला. "दाजी, मग मी उभ्यानंच देतो," तो म्हणाला, आणि त्यानं अंगठीनं खिरीचा पहिला घास तिच्या ओठांना लावला. भागीनं तो चाटला. तोंड वाकडं केलं. मग पुढं वाकून आणखी मागितला. अंगणात सगळे हसले. खीर तिच्या नाकाला, कपाळाला, महादूच्या मिशीला लागली. देवजीदादा खुर्चीशेजारी उभा होता आणि इतका वेळ तो एका जागी उभा असलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

"बघ आये," तो सासूला म्हणाला. "बसून जेवली. माझ्या घरात."

म्हातारी उठली. तिनं खुर्चीला एक फेरी घातली, पाय हलवून पाहिले. "बेस हाय," ती म्हणाली. "आता पोर खाली काढते." ती पुढं झाली आणि तिनं हात वर केले. हात दांडीपाशीच संपले. ती टाचा उचलून उभी राहिली, तरी भागीच्या काखेत हात जाईना. तिनं महादूचा पाट ओढला, त्यावर चढली, तोल गेला, महादूनं सावरलं. कुणी हसलं नाही. मग ती आईला म्हणाली, "तू काढ."

आई म्हातारीहून थोडीच उंच. कडेवर माझा भाऊ. त्याला खाली ठेवून तिनं भागीला कशीबशी ओढली, तर खुर्ची तिच्यावर कलली. देवजीदादानं ती पकडली.

"तू हायस म्हणून पकडलीस," म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "उद्या तू वाटेवर असशील. ही तुझ्या उंचीची जागा हाय, देवजी. तू नसलास तर पोर तिथं वर टांगून ऱ्हाईल, नाय तर पडेल."

"मी पाय कापतो खुर्चीचे. आत्ता कापतो."

"काप. पाय कापून तू घरात ऱ्हाशील?"

तो वळला. अंगणात चालायला लागला. आळीतली माणसं एकेक करून उठून गेली. खीर तशीच राहिली. तो दुपार कलेपर्यंत चालत होता, आणि आई आतून रडत होती हे मला भिंतीशी बसून ऐकू येत होतं. नोकरी सोडली तर खाणार काय, आणि सोडली नाही तर पोर कुणाजवळ, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण खुर्ची शोधण्याच्या दिवसांत ते त्यानं बाजूला ठेवलं होतं. आम्ही सगळ्यांनीच ठेवलं होतं.

शेवटी तो दारात येऊन म्हणाला, "वहिनी, तिचे कपडे बांधा. उद्या माझी खेप हायच."

सकाळी तो निघाला तेव्हा खांद्यावर टपालाची पिशवी होती आणि डोक्यावर ती खुर्ची उलटी धरली होती, चार पाय आभाळाकडं. मागं म्हातारी आणि भागीला घेतलेला महादू. नाक्यावर शिपायानं अडवलं, असं महादू नंतर सांगायचा. हे काय आहे ते शिपायाला कळेना. खुर्ची म्हणावी तर माणूस चढणार कसा, आणि माळा म्हणावा तर इतका लहान. देवजीदादा म्हणाला, "टपाल हाय. उशीर होतो," आणि पुढं निघाला.

खुर्ची त्यानं मोखाड्याच्या अंगणात नेऊन उभी केली आणि तिचे पाय कधीच कापले नाहीत. घरातली माणसं भागीला खालीच, मांडीवर भरवायची. पण दिवसाआड घुंगरं वाजली की महादू तिला उचलून वर बसवायचा. देवजीदादा पिशवी देऊन धावत यायचा, उभ्यानं तिला भरवायचा, भात असो की नाचणीची पेज, आणि थाळी संपली की तिचं तोंड धुवायचा. ते एकच जेवण त्याच्या हातचं. माणसं सांगायची की मोखाड्याकडं जाताना त्याला हाक मारली तर तो ओ देत नाही, आणि येताना मात्र कुणीही थांबवावं, अगदी बैल दाखवायलासुद्धा.

मला नाशिकला शिकायला पाठवायचं ठरलं तेव्हा मी मोखाड्यापर्यंत त्याच्याबरोबरच गेलो. त्याच्या पावलानं चालणं मला जमत नव्हतं. तो पुढं जायचा, परत यायचा, माझी पेटी स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा. घाटात त्यानं एकाएकी विचारलं, "मास्तर, पोराला केवढं असल्यापासूनचं ध्यानात ऱ्हातं?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी असा येतंय जातंय. एखाद दिवशी नाय आलो. तर तिला मी आठवेन का? महादूला ती 'बा' म्हणते. त्याची पोरं म्हणतात म्हणून ही पण म्हणते. त्यात तिचं काय चुकलं नाय."

"आणि तुम्हाला?"

"माला 'टपाल' म्हणते. गावातली सगळी पोरं म्हणतात तसं."

पुस्तकात बघून सांगतो म्हणालो. तो म्हणाला, "बघ हां. आठवणीनं बघ." कॉलेजात आल्यावर मी खरोखरच शोधलं. लहान मुलांवरची इंग्रजी पुस्तकंही चाळली, कळतील तेवढी. हे मला कुठं सापडलं नाही.

त्या दिवशी अंगणात पोचलो तेव्हा भागी आधीच वर चढून बसली होती. आता ती आडव्या काठ्यांवरून स्वतःच चढायची. खुर्चीची पेटी तिला घट्ट व्हायला लागली होती, पाय बाहेर लोंबत होते, आणि एवढी मोठी मुलगी भरवून घेते म्हणून महादूची मुलं तिला चिडवत होती. ती त्यांना वरून वाकुल्या दाखवत होती. देवजीदादानं भरवलं. घासामागून घास, थाळी संपेपर्यंत. मग रात्र तिथंच काढून सकाळी त्यानं मला त्र्यंबकच्या वाटेला लावून दिलं आणि स्वतः जव्हारकडं वळला. भागी त्याच्या मागं मागं शेवटच्या बांधापर्यंत आली आणि तिथं उभी राहिली. त्यानं वळून पाहिलं नाही. मी थोडं पुढं गेल्यावर वळलो तेव्हा तो टेकाडाच्या वळणावर होता, नेहमीसारखा वाकून, झपाझप, आणि ती बांधावर तशीच. मी त्याला पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

मागल्या महिन्यात महादू माझ्या खोलीचा पत्ता विचारत आला. बरोबर भागी होती, आठेक वर्षांची, नऊवारीच्या तुकड्याचा परकर नेसलेली. दोघं गोदावरीवर जाऊन आली होती. त्याच्या हातातलं रिकामं मडकं पाहिलं तेव्हा मला कळलं, पण मी विचारलं नाही. त्यानंच सांगितलं. दाजीला वाटेवर ताप भरला, तसाच चालत मोखाड्याला पोचला, पिशवी जागेवर दिली आणि अंगणात येऊन पडला. पुन्हा उठला नाही. या बातमीला माझ्यापर्यंत यायला इतके दिवस लागले, कारण आमच्याकडची बातमी आणणारा तोच होता.

मी भागीकडं बघत होतो. ती खिडकीतून रस्त्यावरचे टांगे बघत होती.

"एक अडचण हाय," महादू खाली मान घालून म्हणाला. "ही आमच्याकडं ऱ्हात नाय म्हणते. आम्ही काय कमी केलं नाय, मास्तर. माझ्या पोरांत आणि हिच्यात मी भेद केला नाय."

"मला ठाऊक आहे," मी म्हणालो. "भागी, मग कुठं राहणार तू?"

"जव्हारला."

"तिथं कोण आहे?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. एवढं साधं मला कळू नये याचं तिला आश्चर्य वाटलं असावं. "तो माला भरवून तिकडं जायचा," ती म्हणाली. "दर वेळी तिकडंच. ते घर माला बघायचं हाय."

महादू म्हणाला, "तुझी आई शेजारी हाय. तिनं हिला दूध पाजलेलं हाय. म्हणून आलो. तिला विचारून कळवतोस का, ठेवील का हिला?"

मी कोट चढवला, पेटीला कुलूप लावलं आणि म्हणालो की विचारायला नको, मी तुमच्याबरोबरच येतो.